एक बटण दाबायचं, बास!

एका संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला तासभर लागतो. सहाशे संगणकांची बदलायला किती लागेल, हे गणित कंपनीत प्रत्येकाला येतं, आम्हा आयटीवाल्यांना सोडून. ‘‘तुमच्याकडे तर सगळं एका बटणावर होतं ना?’’ असं वर विचारतात. बटण आहे. त्याच्या अलीकडचे तीन महिने आणि पलीकडचे सहा कुणाला दिसत नाहीत, एवढंच.

पहिला प्रश्न: कंपनीत संगणक आहेत तरी किती? अकाउंट्सच्या नोंदवहीत एक आकडा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या नेटवर्कवरच्या माणसांची आणि संगणकांची नोंद) दुसरा, अँटिव्हायरसच्या कन्सोलवर तिसरा. डिरेक्टरीतला आकडा नेहमी फुगलेला, कारण केव्हाच भंगारात गेलेल्या संगणकांची खाती तिथे सुखाने नांदत असतात. नव्वद दिवसांत ज्याने तोंड दाखवलं नाही, ते खातं आधी नुसतं डिसेबल करावं, डिलीट महिन्याभराने. ड्रॉवरमध्ये झोपलेला लॅपटॉप हमखास कुणातरी साहेबांचा निघतो आणि नेमका प्रेझेंटेशनच्या सकाळी जागा होतो.

मग पात्रता परीक्षा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तारीख कित्येक वर्षं आधी जाहीर होती, त्यामुळे बजेटची आठवण व्हायला सप्टेंबर उजाडला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) हवं, सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर आत घेणं) जमायला हवं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. प्रोसेसरपुढे इलाज नाही. टीपीएम मात्र बऱ्याचदा असतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद पडून असतं. नव्या खरेदीचा कागद रंगवण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

सिक्युअर बूटचं प्रकरण नाजूक. त्याला बायोस नव्या, यूईएफआय पद्धतीत लागतो आणि डिस्कची विभागणी नव्या, जीपीटी पद्धतीची. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधलंच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ टूल आधी ‘व्हॅलिडेट’ देऊन चालवायचं, पास झालं की ‘कन्व्हर्ट’, आणि मगच बायोसमध्ये जुन्या लेगसी पद्धतीचं यूईएफआय करायचं. क्रम उलटा झाला की संगणक काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस शोधत बसतो. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन्स असतील तर टूल सरळ हात वर करतं. चौथं पार्टिशन बहुधा संगणक बनवणाऱ्याने प्रेमाने दिलेलं रिकव्हरीचं असतं.

आणि हे सगळं बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) सस्पेंड केल्यावर. पॉवरशेलमधून (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) नुसती सस्पेंडची आज्ञा दिली तर ती एका रीस्टार्टपुरतीच टिकते. बायोस अपडेट आणि कन्व्हर्शन मिळून दोन-तीन रीस्टार्ट सहज होतात, म्हणून रीबूट काउंट वाढवून द्यायचा. विसरलात तर निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि ती फोनवरून सांगावी लागते. सहा-सहा अंकांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने भाग जावा लागतो, त्यामुळे चुकलेला गट तिथल्या तिथे पकडला जातो. ज्याने ही सोय केली त्याने कधीतरी फोनवर ‘‘सहा म्हणालात की नऊ?’’ हा संवाद नक्की केलेला असणार.

माझा खास राग मात्र त्या शंभर एमबीच्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सच्या डिस्कवरच्या कोपऱ्यावर आहे. सी ड्राइव्हवर तीनशे जीबी मोकळे, आणि अपग्रेड म्हणतं सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन (म्हणजे हेच) अपडेट करता आलं नाही. त्याला हवे असतात जेमतेम १५ एमबी! बायोस बनवणाऱ्याच्या फाइल्सनी ते दडपलेलं असतं. उपाय असा: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘माउंटव्हॉल’ने ते पार्टिशन वाय ड्राइव्ह म्हणून लावायचं, ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट असं करत फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये शिरायचं आणि तिथले फॉन्ट्स उडवायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही. फॉन्ट्स गेल्याचं दुःख आजवर कुणाला झालेलं नाही.

कोऱ्या मशीनवर नेटवर्कवरून इमेज (विंडोजची आयती तयार प्रत) टाकायची तर घोडं बहुतेक वेळा ड्रायव्हरपाशीच पेंड खातं. विनपीई (इन्स्टॉलपुरतं छोटं विंडोज) चालू होतं, पाठोपाठ रीस्टार्ट होतं, सांगत काहीच नाही. एफ८ दाबून उघडणारा कमांड प्रॉम्प्ट आधीच चालू ठेवला असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ मारून बघा: आयपी नसेल तर बूट इमेजमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. आयपी आहे पण ‘डिस्कपार्ट’ला डिस्कच दिसत नाही, तर इंटेलचा व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळणारा, ड्रायव्हर राहिलाय. दोन्ही ठीक असतील तर बायोसचं घड्याळ बघा. सर्व्हरच्या घड्याळाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरोस हा ओळख तपासणारा पहारेकरी डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या, दारातून परत पाठवतो. लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपांसाठी आणलेला यूएसबीत खोचायचा लॅन डोंगल तर वेगळीच गंमत करतो. पहिला लॅपटॉप झक्कास होतो. दुसऱ्याला तोच डोंगल लावला की सर्व्हर म्हणतो, हा तर आपल्या ओळखीचा, याला काही द्यायचं नाही. डोंगलचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा ओळख-क्रमांक) सर्व्हरच्या डुप्लिकेट आयडीच्या यादीत घातला की हा स्नेह तुटतो.

पेन ड्राइव्हने करणाऱ्यांसाठी एवढंच: यूईएफआय बूटला पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, फॅट३२ वर चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही, म्हणून इन्स्टॉल इमेज ‘डिझम’ या विंडोजच्या आज्ञेने ३८०० एमबीचे तुकडे पाडून ठेवा.

आता बटण. ते कोणत्या कलेक्शनवर, म्हणजे संगणकांच्या गटावर, दाबतोय, हे दोघांनी वाचल्याशिवाय दाबू नये. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज चुकून सगळ्याच विंडोज मशीन्सना गेली. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, सगळे. पहिली पायरी होती डिस्क फॉरमॅट करणं. लक्षात आल्यावर त्यांनी इमेज वाटणारा सर्व्हर बंद केला, पण तोवर त्या सर्व्हरने आज्ञाधारकपणे स्वतःलाही फॉरमॅट करून घेतलं होतं! म्हणून डिस्क वाइप करणारी टास्क सिक्वेन्स (कामांची साखळी) ‘अव्हेलेबल’ (कुणी सुरू केली तरच चालणारी) ठेवावी, ‘रिक्वायर्ड’ (आपोआप चालणारी) नव्हे, आणि ‘ऑल सिस्टिम्स’च्या वाटेला जाऊ नये.

पायलट, म्हणजे आधी चाचणी घ्यायच्या, गटात फक्त आयटीचे लोक घेतले की पायलट हमखास यशस्वी होतो आणि काही कळत नाही. प्रत्येक विभागातला एक माणूस हवा, त्यातही जुना प्रिंटर, जुनं स्कॅनर आणि मॅक्रोंनी भरलेली एक्सेल बाळगणारा. सी१९००१०१ ने सुरू होणारी चूक आली तर बहुतेक ड्रायव्हरची. सी१९००२०८ म्हणजे न पटणारं एखादं सॉफ्टवेअर. मागे फिरायची मुदत दहा दिवस, त्यानंतर जुनं विंडोज साफ होतं. तक्रारी मात्र अकराव्या दिवशी सुरू होतात, त्यामुळे मुदत ‘डिझम’ने आधीच वाढवून ठेवलेली बरी.

उरतात ते मशिनरीला जोडलेले पाच-सात संगणक. त्यांचं सॉफ्टवेअर बनवणारा आता फोन उचलत नाही आणि चालवणारा म्हणतो, ‘‘अहो, हात लावू नका, चालतंय ते.’’ त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकावं, इंटरनेट तोडावं, डिस्कची पूर्ण इमेज काढून तशीच एक डिस्क कपाटात ठेवावी. यादीत पुढे ‘अपवाद’ लिहून पुन्हा तपासायची तारीख घालावी, आणि खाली सही त्या चालवणाऱ्याच्या साहेबांची घ्यावी, आपली नव्हे.