इटलीत जाऊन नुसतं समुद्रावर बसलो, त्याबद्दल

दर फेब्रुवारीत एकदोन मैत्रिणींचा मेसेज येतोच. "उन्हाळ्यात पोरांना घेऊन इटलीचा समुद्र करायचाय. तुमची आयटिनररी पाठव ना." आयटिनररी नाहीये म्हटलं की त्यांना वाटतं मी लपवतेय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी ही पोस्टच पाठवीन. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही म्युनिकला राहतो. थोरली ९ वर्षांची, धाकटा ५ चा. पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकटा २ चा होता आणि मी सगळ्या नवख्यांसारखी इन्स्टाग्राम बघून ठरवलं होतं: चिंक्वे तेर्रे. कड्यावर चिकटलेली पाच रंगीत गावं. सुंदर आहेत, खोटं नाही बोलणार. पण मोंतेरोस्सो सोडलं तर पोरांना खेळायला धड वाळू कुठेच नाही. कोर्निल्याचं स्टेशन खाली समुद्राजवळ, गाव वर कड्यावर, आणि मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. वर जायला छोटी बस असते, पण ती आमच्या नाकासमोर भरून गेली. मग नवऱ्याच्या खांद्यावर बाबागाडी, माझ्या कडेवर पोरगा, आणि थोरली प्रत्येक वळणावर विचारतेय, "समुद्र कधी येणार?" समुद्र सगळीकडे दिसत होता. जाता कुठूनच येत नव्हतं.

अमाल्फीच्या किनाऱ्याचंही तेच. तिथल्या पोझितानो गावाचा फोटो ज्या उतारामुळे इतका देखणा येतो, तोच उतार तुम्हाला दिवसातून चार वेळा चढायचा असतो, हातात ओले टॉवेल आणि रडकं पोर घेऊन. किनाऱ्यावर काळपट बारीक खडे. रस्ता इतका अरुंद की मोसमात ठरावीक दिवशी गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम लावतात. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला जा, पोरं आजी-आजोबांकडे ठेवून.

माझं मत असं आहे आणि त्यावर बरेच लोक नाक मुरडतात: लहान मुलं असतील तर इटलीचा सगळ्यात कंटाळवाणा किनारा निवडावा. पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्राचा. रिमिनी, बेलारिया, चेझेनातिको, चेर्व्हिया हा पट्टा. फोटोत काही नाही. सपाट वाळू, ओळीत छत्र्या, त्यामागे ओळीत हॉटेलं. जर्मन लोक इथे पिढ्यानपिढ्या येतात, इतके की या किनाऱ्याला त्यांनी स्वतःच 'टॉयटोनेनग्रिल' असं थट्टेचं नाव ठेवलंय, म्हणजे जर्मनांना भाजायची शेगडी. ऑफिसमध्ये रिमिनी म्हटलं की सहकारी गालात हसतात. हसू देत.

कारण पाणी. आम्ही राहतो ते विझेर्बा, रिमिनीच्या उत्तरेला. किनाऱ्यापासून थोडं आत दगडांचे बांध घातलेत, लाटा तिथेच मोडतात. माझा ५ वर्षांचा पोरगा आत चालत जातो, चालत जातो, आणि पाणी अजून कमरेलाच. मी लहानपणी गणपतीपुळ्याला जायची तेव्हा बाबा माझं मनगट इतकं घट्ट धरायचे की वळ उठायचे, आणि गुडघ्यापलीकडे पाणी गेलं की ओढून मागे घ्यायचे. बरोबरच होतं त्यांचं. तिथला समुद्र एका पावलात पायाखालची वाळू काढून घेतो. पण म्हणून समुद्र म्हणजे भीती हे माझ्या अंगात बसलं ते बसलंच. माझी पोरं त्यात पालथी पडून लोळतात.

आता पैशाचा मुद्दा. किनारा बहुतेक 'बान्यों'मध्ये वाटलेला आहे. बान्यो म्हणजे छत्र्या, आरामखुर्च्या, शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या असलेला वाळूचा पट्टा. रिमिनीत हा प्रकार १८४३ पासून चालू आहे. पहिली रांग सगळ्यात महाग, मागे जाल तसं स्वस्त. आम्ही तिसरी रांग घेतो, जूनमध्ये एक छत्री आणि दोन खुर्च्यांना दिवसाला साधारण २५ युरो पडतात. आठवड्याचं एकदम घेतलं तर कमी होतात. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "समुद्राला भाडं?" भाडं समुद्राला नाही, छत्रीला, हे मी तीनदा समजावलं. पाण्यालगतची पट्टी सगळ्यांना मोकळी असते, आणि मधूनमधून फुकटचा किनाराही असतो, तिथे आपली छत्री आपण रोवायची. हा वाद खुद्द इटलीतही पेटलेला आहे. पिढीजात बान्यो चालवणाऱ्यांचे परवाने लिलावाला काढा असं युरोपीय संघ वर्षानुवर्षं सांगतोय, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर बान्योवाल्यांनी निषेध म्हणून सकाळचे दोन तास छत्र्याच उघडल्या नाहीत. तत्त्वाच्या बाबतीत मी सासऱ्यांच्या बाजूची आहे. पण ५ वर्षांचं पोर 'शू' म्हणतं तेव्हा ३० पावलांवर स्वच्छ संडास असणं, याला मी २५ युरो देते आणि तक्रार करत नाही.

आणि बान्योंना नंबर असतात. हे हलकं घेऊ नका. दुसऱ्या वर्षी थोरली हरवली होती. बारा मिनिटं. शिंपले वेचत पाण्याच्या कडेने चालत गेली, वळून बघितलं तर सगळ्या छत्र्या सारख्या. लाल होडीजवळ उभ्या असलेल्या जीवरक्षकाला मी मोडक्या इटालियनमध्ये काय सांगितलं ते देव जाणे. त्याला बहुतेक माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. रिमिनीच्या किनाऱ्यावर युद्धानंतरच्या काळापासून लाउडस्पीकर बसवलेले होते, आणि त्यावरून सांगायचे की अमुक रंगाचा पोहायचा पोशाख घातलेलं मूल अमुक नंबरच्या बान्योवर आहे. किती पोरं हरवत असतील विचार करा. आमची सापडली चार बान्यो पलीकडे, एका इटालियन आजीच्या खुर्चीत, पीच खात. तेव्हापासून रोज सकाळी सनस्क्रीनच्या आधी मनगटावर पेनाने बान्योचा नंबर आणि माझा फोन.

झेंडेही शिकवून ठेवा. पांढरा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, पिवळा म्हणजे वारा आहे, छत्र्या मिटा.

कधी जायचं? ऑगस्ट सोडून कधीही. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो असतो, पार सम्राट ऑगस्टसच्या काळातली सुट्टी, आणि त्या पंधरवड्यात अख्खी इटली समुद्रावर असते. दर दुप्पट आणि वाळूत पाऊल ठेवायला जागा नाही. आमच्या बायर्न राज्यातल्या शाळांना जूनच्या सुमाराला पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, आम्ही ती धरतो. पाणी थोडं गार असतं, पोरांना फरक पडत नाही, मला पडतो. शाळा बुडवून दोन दिवस आधी निघायचा विचार करू नका. इथे सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलिसांनी अशी कुटुंबं पकडलेली आहेत, दंडही होतो.

गाडीने जात असाल तर शनिवार टाळा. हॉटेलांत पाहुण्यांची अदलाबदल शनिवारी, त्यामुळे ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर घाटात शनिवारी सगळं जर्मनी उभं असतं. त्यात लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून तिथे बऱ्याचदा एकेरी लेन. आम्ही रविवारी पहाटे ३ ला निघतो, पोरं झोपेतच गाडीत घालतो, ती थेट इटलीत उठतात. ऑस्ट्रियाचं व्हिन्येट, म्हणजे महामार्गाचं स्टिकर, घ्याच, आणि ब्रेनरचा टोल त्याव्यतिरिक्त वेगळा आहे हेही लक्षात ठेवा. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' (म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश) अशी पाटी दिसली तर आत शिरू नका. कॅमेरे असतात. आमचा दंड आठ महिन्यांनी पोस्टाने घरी आला, तेव्हा नवरा आणि मी त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं यावर भांडलो.

हॉटेल कुटुंबाने चालवलेलं, तीन वेळच्या जेवणासकट. हे या भागाचं खरं वैभव. दुपारी साडेबाराला जेवण, नंतर तीन-साडेतीनपर्यंत सगळं गाव झोपलेलं. दुपारच्या झोपेला इतकी प्रतिष्ठा मी पुण्यानंतर इथेच पाहिली. पोरं काहीच खात नसतील तर 'पास्ता इन बियांको' मागा, नुसतं लोणी किंवा तेल आणि चीज घातलेला पास्ता. मेनूवर नसला तरी देतात.

आणि पियादिना. ही रोमान्याची, म्हणजे या भागाची, पोळी. मैदा, मीठ, पाणी, तव्यावर भाजलेली, थोडी जाडसर, आत मऊ चीज आणि रुकोलाचा तिखट पाला. पण शाकाहारी मंडळींनो, पारंपरिक पियादिनात डुकराची चरबी असते. 'सेन्झा स्त्रुत्तो', म्हणजे चरबीशिवाय, म्हणायला शिका, बऱ्याच ठिकाणी ऑलिव्ह तेलातली मिळते. सासूबाईंनी पहिली पियादिना उलटसुलट करून बघितली आणि निकाल दिला, "लाटलीय बरी, पण भाजायची घाई केली."

हो, मागच्या वर्षी सांगलीहून सासू-सासरेही होते, शेंगेन व्हिसा काढून. आणि खरं भांडण तिथेच. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मनात रोम, व्हेनिस, पिसा, फ्लोरेन्स, सगळं आठवड्यात. त्यांच्या मित्रांनी टूरबरोबर दहा दिवसांत पाच देश केलेत. "एवढा खर्च करून एकाच गावात बसायचं?" आईंचं त्याहून सरळ: "वाळूतच बसायचं होतं तर गुहागर काय वाईट होतं?"

उत्तर मी दिलं नाही, विझेर्बाने दिलं. तिथे 'इतालिया इन मिनियातुरा' नावाची बाग आहे, १९७० पासूनची. इटलीतल्या वास्तूंच्या अडीचशेहून जास्त छोट्या प्रतिकृती. बाबांनी एका दुपारी पिसाचा मनोरा, मिलानचं कॅथेड्रल आणि आख्खं रोम पाहिलं, प्रत्येकासमोर फोटो काढला आणि सांगलीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत बारकाईने बघितलं तर मनोरा त्यांच्या मानाने जरा लहान वाटतो, पण कोणी विचारलं नाही.

खऱ्या सहली दोनच केल्या. रिमिनीतला तिबेरियस पूल, जो इसवी सन २१ मध्ये पूर्ण झाला आणि ज्यावरून अगदी परवापर्यंत मोटारी जात होत्या. आणि लोकल ट्रेनने तासाभरावरचं राव्हेन्ना. तिथे गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या छोट्याशा इमारतीत पाचव्या शतकातलं मोझाइक आहे, निळ्या छतावर सोन्याचे तारे. धाकटा मान वर करून मोजायला लागला, ४० ला चुकला, पुन्हा सुरुवात केली. आत फार वेळ थांबू देत नाहीत. बाहेर आल्यावर तो रडला. जुन्या इमारतीतून बाहेर काढलं म्हणून रडणारं पोर मी पहिल्यांदा पाहिलं.

बाकी दिवस छत्रीखाली. बाबा तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या छत्रीतल्या एका म्हाताऱ्याशी पत्ते खेळायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि बहुधा डावाचे नियमही वेगवेगळे होते.

आईंची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि ती मला खोडता आली नाही. हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी हॉटेलांच्या मागे मावळतो. जन्मभर कोकणातला सूर्यास्त पाहिलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. त्या रोज सातच्या सुमाराला सवयीने खुर्ची पाण्याकडे वळवून बसायच्या, मग चुळबुळ करत मागे बघायच्या. शेवटी एके दिवशी पहाटे साडेपाचला मला उठवलं. खाली गेलो तर बाबा आधीच पाण्यात उभे, ओंजळीत पाणी घेऊन. बान्योवाला छत्र्या उघडत होता. त्याने आमच्याकडे बघितलं आणि आमची तिसऱ्या रांगेतली छत्री आधी उघडली.

यंदाचं बुकिंग झालंय, तेच हॉटेल, तीच रांग.