मुलं पाटी वाचत नाहीत, तेव्हा

नमस्कार सर,

‘मुलं धावत येतात, बटणं बडवतात, पाटी न वाचता पुढच्या यंत्राकडे पळतात. याला शिकणं म्हणायचं का?’ असं तुम्ही विज्ञान केंद्रांबद्दल विचारलंय. बटणांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. बटण दाबलं की दिवा लागतो. दहाव्यांदा दाबलं तरी तोच दिवा तसाच लागतो. मुलाने करावं असं तिथे काही उरतच नाही, मग ते पळणारच. ही चूक मुलाची नाही, एक्झिबिट (म्हणजे तिथे मांडलेलं यंत्र किंवा प्रयोग) बनवणाऱ्याची आहे.

पण म्हणून सगळं पुन्हा काचेआड ठेवा, हे मला पटत नाही.

हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू तुम्ही पाहिला असेल. एका विज्ञान केंद्रात सात-आठ वर्षांची एक मुलगी त्यापाशी रमली होती. आधी तिने चेंडू बोटाने ढकलला; तो डुचमळून जागेवर आला. मग तिने झोताचं तोंड तिरकं केलं. चेंडू पडणार म्हणून दुसरा हात खाली धरला, आणि चेंडू तसाच तिरका लटकून राहिला! तिने आणखी वाकवलं, आणखी थोडं, आणि पडला. उचलून पुन्हा तिथूनच सुरुवात. बाजूला सरकलेल्या चेंडूला वळसा घालणारी हवा त्याला परत झोतात ओढते, हे पाटीवर लिहिलेलं तिने वाचलं नाही, खरंय. पण झोत चेंडूला कुठवर सांभाळतो, ते तिने स्वतः शोधून काढलं होतं.

असं एक्झिबिट बनवणं पहिल्या फटक्यात जमत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर (अणुबॉम्ब प्रकल्पाचे रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ) यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय सुरू केलं, तेव्हा कार्यशाळासुद्धा लोकांना दिसेल अशी ठेवली. एक्झिबिट दालनात मांडायचं, लोक त्याच्याशी काय करतात ते बघायचं, परत नेऊन दुरुस्त करायचं, ही तिथली रीत. शिवाय ही एक्झिबिट्स कशी बनवायची, हे पुस्तकं काढून सगळ्यांना सांगून टाकलं. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा उद्घाटनाची फीत कापली की काम संपतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पाटी? ती त्या मुलीच्या आईने वाचली. म्हणून माझा आग्रह असतो की पाटी मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर असावी, दोन-तीन ओळींचीच, आणि तिच्यात आईने मुलीला विचारावा असा एक प्रश्न असावा: ‘चेंडू न पाडता अजून किती वाकवता येईल गं?’