नाताळाच्या तारखेबाबत माझ्याच संदेशाचा खुलासा

येशूची जन्मतारीख २५ डिसेंबर असल्याचे बायबलमध्येच लिहिले आहे, असा संदेश मी गेल्या आठवड्यात वडोदऱ्यातील आपल्या मराठी मंडळींच्या गटावर पाठवला होता. तो चुकीचा आहे. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने (बायबलमधील येशूच्या जीवनाविषयीची पुस्तके) मी पुन्हा वाचली, तेव्हा जन्मकथा दोन्हींत आढळली, तारीख मात्र कोठेही नाही. या दिवसाची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद रोममधील, इ. स. ३३६च्या सुमाराची आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा भर मुळात तारखेवर नसून, गव्हाणीत निजवलेल्या बाळाच्या रूपाने देव माणसांत आला, म्हणजेच ‘इम्मानुएल’, आम्हांबरोबर देव, यावर आहे; त्यासाठीच आधीचे चार रविवार प्रार्थनापूर्वक तयारीचे असतात (आपल्याला आधी केक आठवतो, ते वेगळे). जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास तेथे हा खुलासाही द्यावा.