गिनेसची रेल्वेच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मेन लाइनवर एवढ्या देखण्या गाड्या असताना डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतली (बिअरच्या कारखान्यातली), फारशी कोणाला ठाऊक नसलेली रेल्वे मी टेबलावरच्या छोट्या मॉडेलसाठी का घ्यायची? ना स्टेशन, ना प्रवासी, ना वेळापत्रक. शिवाय जागा कमी म्हणून ही पळवाट, असंही तुम्ही लिहिलंत.

पळवाट हा शब्द मला मान्य नाही. मेन लाइन टेबलावर आणायची तर प्लॅटफॉर्म आखूड करावा लागतो, डबे कमी करावे लागतात, वळण अशक्य इतकं आवळावं लागतं. या रेल्वेत सगळं मुळातच आवळलेलं आहे. ब्रुअरीचा वरचा भाग आणि लिफी नदीकडचा खालचा भाग जोडायला जेम्स स्ट्रीटखालून गोल फिरत जाणारा बोगदा काढला होता, अडीचहून थोडे जास्त वेढे घेणारा. मॉडेलवाले एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला हेच करतात आणि खोटं दिसतं म्हणून ते झाकून ठेवतात. इथे ते खरं आहे.

आता इंजिन. बोगद्यामुळे उंचीला मर्यादा, आणि अंगणातल्या चिखल-कचऱ्यापासून यंत्रणा वाचवायची. म्हणून गिनेसचे इंजिनिअर सॅम्युअल गेगन यांनी सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट थेट बॉयलरच्या वर चढवले आणि तिथून उभ्या दांड्यांनी खाली चाकं फिरवली. या रचनेचं पहिलं इंजिन 1882 चं. पुढची बहुतेक डब्लिनमध्येच, विल्यम स्पेन्सच्या कारखान्यात बनली. सगळी हालचाल डोळ्यांसमोर, वरच्या वर! मॉडेल करणाऱ्याला आणखी काय हवं?

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे हॉलेज वॅगन. ब्रुअरीत आयर्लंडच्या 5 फूट 3 इंच गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रूळही होते, म्हणजे तिथलं ब्रॉडगेज. त्यावरचं शंटिंग, म्हणजे वॅगन इकडून तिकडे हलवण्याचं काम, करायला वेगळं इंजिन घेण्याऐवजी छोटं इंजिनच उचलून ब्रॉडगेजच्या एका चौकटीत सोडायचे. त्याची चाकं रोलरवर बसत, आणि गिअरमधून ती फिरकी मोठ्या चाकांपर्यंत पोचे.

रेडिमेड काही मिळत नाही, हा तुमचा मुद्दा निम्मा खरा आहे. छोट्या रेल्वेचं गेज 1 फूट 10 इंच, म्हणजे 559 मिलिमीटर. 1:87 या प्रमाणात, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, ते होतं 6.4 मिलिमीटर. झेड गेज या मॉडेल प्रकारचा तयार रूळ 6.5 चा असतो. इतकी जवळची जुळणी नॅरोगेजमध्ये क्वचितच सापडते. त्या रुळाचे स्लीपर प्रमाणाबाहेर छोटे दिसतात, पण अंगणात फरसबंदी केली की ते झाकलेच जातात. ब्रॉडगेजला मात्र 18.4 मिलिमीटर लागतात आणि 1:87 साठी तयार मिळणारा एचओचा रूळ 16.5 चा, तेवढा भाग हातानेच बांधावा लागेल. इंजिनाच्या बारकाव्यांसाठी 13 नंबरचं इंजिन वेल्समधल्या टाविनच्या नॅरो गेज रेल्वे म्युझियममध्ये जपलेलं आहे.

प्रवासी नाहीत म्हणून बघणाऱ्याला कंटाळा येईल, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही सुचवलेली एक्सप्रेस टेबलावरून काही सेकंदांत निघून जाते. इथे पिंपं भरलेल्या वॅगन आणायच्या, सोडायच्या, रिकाम्या उचलायच्या, मग इंजिन हॉलेज वॅगनमध्ये उतरवून ब्रॉडगेजचं शंटिंग करायचं. इंजिन उचलणारी यारी चालती करण्यावरच सध्या माझं काम चालू आहे.