राजा नको म्हणे!

नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप गटावर सध्या एकच वाद रंगलाय: आपण प्रजासत्ताकात राहतो, मग प्रभू येशूला ‘राजा’ कशाला म्हणायचं? ही म्हणे गोऱ्यांची सरंजामी भाषा. गीतांतून, प्रार्थनेतून काढून टाका आणि नुसतं ‘माउली’ म्हणा. माउलीला माझी ना नाही, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला ते केव्हाच म्हणून ठेवलंय. नाशिकची शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत मिशनऱ्यांनी वसवली, हेही कबूल. पण पंढरीचा राणा काय बोटीतून उतरला होता?

इथे इंग्लंडात राजा खराखुरा आहे, चर्चचा प्रमुखही तोच. तरी त्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात त्याच्यासाठी केलेली प्रार्थना देवाला ‘राजांचा राजा’ म्हणूनच हाक मारते. म्हणजे आशीर्वाद मागता मागता राजाला त्याची पायरी दाखवून द्यायची. ६ मे २०२३ ला राज्याभिषेकाच्या वेळी चार्ल्सचं स्वागत एका शाळकरी मुलाने केलं, तेही राजांच्या राजाच्या नावाने. त्यावर चार्ल्सचं उत्तर होतं, मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलोय. आपल्याकडे साधा नगरसेवक तरी असं म्हणतो का?

मुळात बायबललाच राजांचं कौतुक नाही. १ शमुवेल ८ उघडा. लोक राजा मागतात तेव्हा संदेष्टा शमुवेल बजावतो: तो तुमच्या मुलांना रथापुढे पळवील, मुलींना स्वयंपाकाला लावील, चांगली शेतं आणि द्राक्षमळे काढून आपल्या चाकरांना देईल. द्राक्षमळे म्हटल्यावर तरी नाशिककरांनी कान टवकारावेत!

‘ख्रिस्तराजा’चा सण तर अगदी अलीकडचा. अकराव्या पायस पोपनी तो १९२५ मध्ये सुरू केला, तेव्हा इटलीत मुसोलिनी होता. आता तो आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आधीच्या रविवारी येतो आणि शुभवर्तमानाची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. मत्तय २५ मधला राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुरुंगात होतो. योहान १८ मध्ये तो रोमी सुभेदार पिलातासमोर आरोपी म्हणून उभा आहे. लूक २३ मध्ये तो क्रूसावर आहे. या लूकमधून ‘राजा’ आणि ‘राज्य’ वगळून पाहा. क्रूसावरची ‘हा यहूद्यांचा राजा’ ही पाटी कोरी राहते, शिपायांच्या टिंगलीत काही अर्थ उरत नाही आणि ‘तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर’ म्हणणाऱ्या शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला मागायला काही शिल्लक राहत नाही. घोळ होतो तो वाचन घाईत उरकून वेदीवर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट ठेवला की. त्या मुकुटावर टीका करा, मी तुमच्या बाजूने.

इथल्या प्रार्थनेत ‘आमचा राजा चार्ल्स’ आलं की मी गप्प राहतो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे आणि तो ‘आमचा’ माझ्या तोंडी बसत नाही. पुढे प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘तुझे राज्य येवो’ मात्र मी मराठीतच म्हणतो. गटावरच्या शहाण्यांनी तेवढंही काढायला सांगितलंय. त्यांतल्याच काहींचे फोटो साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत झळकतात, आणि वर साहेबांच्या नावामागे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘नाशिकचे राजे’.