साडेबारा टक्के

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालं. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या आतेभावाने लिहिलं, परदेशी कंपन्या येतात, नफा उचलतात, निघून जातात, आपला पोरगा आहे तिथेच. वर मला टोमणा, तू काय बोलणार, आयर्लंडमध्ये बसून त्यांचाच पगार खातोयस. खातोय बाबा. लिमरिकला एका अमेरिकन कंपनीत आहे, नऊ वर्षं झाली.

गंमत बघा, इकडे साडेबारा टक्के म्हणजे कंपन्यांच्या नफ्यावरचा टॅक्स, २००३ पासून, त्याच्याच जोरावर हा एवढासा देश सगळ्या जगाच्या कंपन्या बोलावतो (अगदी मोठ्यांना २०२४ पासून १५ झालाय). नवी मुंबईत साडेबारा टक्के म्हणजे शहर वसवायला सिडको या सरकारी कंपनीने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला परत मिळणारा तेवढ्या टक्क्यांचा प्लॉट. त्यासाठी १९८४ साली दि. बा. पाटलांच्या शेतकरी आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही.

आतेभाऊ चुकीचा पण नाही. २००९ मध्ये डेलने लिमरिकचं कॉम्प्युटर बनवायचं काम पोलंडला हलवलं, १९०० नोकऱ्या गेल्या, अजून इथली माणसं ते साल काढतात. पण पुढे काय झालं, तर लिमरिकच्या रहीन भागातल्या त्याच कारखान्यात रिजेनेरॉन ही औषध कंपनी आली, आता तिथे औषधं बनतात. माझ्या टीममधला एक जण डेलच्या लाइनवर होता, आता माझ्या शेजारी क्लीनरूमचा गाऊन घालून उभा असतो. शेड शेडच राहिली. आणि आपल्या ठाण्यात कारखाना बंद झाला की काय होतं? रेमंडचा कारखाना होता त्या जेकेग्रामला जाऊन मान वर करून टॉवर बघा.

माझ्या मामाचा वागळे इस्टेटला गाळा होता, दोन लेथ नि एक मिलिंग. ठाणे-बेलापूर रोडच्या एका परदेशी कंपनीचं जॉबवर्क करायचा, पितळेचे बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या. एकदा चारशेचा आख्खा लॉट टेम्पोतून परत आला. मी शाळेत होतो, मामाने भोक तपासायचा गेज माझ्या हातात दिला, घाल म्हणाला, तर नो-गोची, म्हणजे आत जायलाच नको ती बाजू सरळ आत. म्हणजे भोक मोठं, बुश भंगारात. दोन दिवस शिव्या घातल्या कंपनीला, मग निमूटपणे बोअर गेज विकत आणला आणि दर दहावा पीस मोजायला लागला, पुढे त्याच्यावरच त्याला पुण्याची कामं मिळाली. त्या कंपनीत ओळख चालायची नाही पण बिल ठरल्या तारखेला यायचं. आपली माणसं मात्र 'सोमवारी या' म्हणायची, मग ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ ला येऊ दे नाहीतर काही येऊ दे.

म्हणून मला देशी-परदेशी हा वाद फुकटचा वाटतो. पैसा कुठला का असेना, तो पीस मोजायला लावतो की नुसता जागेवर बसतो ते बघा. मामाने शेवटी गाळा भाड्याने दिला, तिथे आता टाइल्सचं शोरूम आहे, आणि हिशोब केला तर भाडं लेथच्या कमाईपेक्षा जास्त, घाम शून्य. त्याला कोण दोष देणार! हल्ली नवी मुंबईत महापे-रबाळ्याला डेटा सेंटर येतायत, करोडोंची गुंतवणूक, आत माणसं मोजकी, आणि बाहेर भांडण कशावरून तर स्क्रॅपचं आणि सिक्युरिटीचं कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या माणसाला. खुली स्पर्धा यालाच म्हणायची असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आतेभावाला सरळ विचारलं, तू आयटीआय केलेला माणूस, फॅब्रिकेशनचं शॉप का नाही टाकलंस? त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, मशीनसाठी बँकेत गेलो तर बँक म्हणते तारण काय. ऑर्डर दाखवली, नको म्हणाले, साडेबारा टक्क्यांचा प्लॉट दाखवला तर साहेबाने चहा मागवला. मग प्लॉटच अडकवायचा तर बिल्डरकडे काय वाईट?"

ग्रुपवर तीन दिवस कोणी काही लिहिलं नाही. मी पण नाही.