‘नुसते दलाल’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत, “सर्व्हर दुसऱ्याचा, हे नुसते दलाल. ऐन हंगामात अडीच तास बंद. सोडतो म्हटल्यावर आपलाच डेटा बाहेर काढायला २१ हजार लावले.” उत्तराला आठ दिवस लागले, कारण तिसऱ्या मुद्द्याचे जुने मेल काढून बघत होतो.

दलाल म्हणालात त्याचा राग नाही. सातपूरच्या आमच्या ऑफिसात एकही सर्व्हर नाही, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. यंत्रं मुंबईत, एका अमेरिकन कंपनीची. आम्ही तिचे रीसेलर, म्हणजे तिची सेवा आमच्यामार्फत विकणारे. पिंपळगावात फळं निवडून भरणारं पॅकहाऊस चालवणाऱ्याला अडत, म्हणजे बाजारातली दलाली, म्हणजे काय हे मी सांगायला नको. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकली. आमचंही तसंच. सर्व्हरला आपल्याला कंपनीचाच दर लागला, आमचं कमिशन कंपनी देते. वर्षभर सर्व्हर घेऊच अशी बोली केली की जी सूट मिळते, तीही आपल्याच बिलात दिली. ती बोली आमच्या नावावर आहे, आणि आपण सातव्या महिन्यात गेलात. उरलेले पाच महिने भाडं आम्ही भरतोय. ते आपल्याकडे मागितलं नाही, मागणारही नाही. महिन्याचे चार हजार वेगळे होते ते देखभालीचे आणि रात्री-अपरात्री फोन उचलण्याचे.

आता ती फेब्रुवारीतली रात्र. आपला सर्व्हर ज्या हार्डवेअरवर होता तेच गेलं. लेबल प्रिंटर थांबला, पॅलेट लेबलाविना अडकले, रीफर (थंड) कंटेनर गेटवर घरघरत उभा. आमचा मुलगा सव्वाबाराला पॅकहाऊसवर पोहोचला आणि आपल्याच वजनकाट्याशेजारी क्रेटवर लॅपटॉप ठेवून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, बॅकअपमधून नवा सर्व्हर उभा केला. अडीच तास गेले हे खरं. पण कोटेशनमध्ये ‘दुसऱ्या झोनमध्ये जोड सर्व्हर’ अशी एक ओळ होती. झोन म्हणजे त्याच कंपनीचं वीज आणि कूलिंग वेगळं असलेलं दुसरं केंद्र; एक बंद पडलं तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून. ती ओळ आपण निळ्या पेनाने खोडलीत, शेजारी सही आहे. हा मुद्दा मी पत्करणार नाही.

२१ हजारांचं मात्र आमचं चुकलं.

क्लाउडमध्ये, म्हणजे अशा भाड्याच्या सर्व्हरवर, डेटा आत टाकायला पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला लागतात. (घोटीचा टोलनाका निदान दोन्ही बाजूंनी घेतो.) आमच्या कंपनीचा मुंबईचा दर जीबीला साधारण ११ सेंट, महिन्याला पहिले १०० जीबी फुकट. आपले बागांचे फोटो, वजनाच्या नोंदी, कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग मिळून दोन टीबी, म्हणजे साधारण दोन हजार जीबी. डॉलरचे रुपये करून वर १८ टक्के जीएसटी धरला की २१ हजार होतात. हिशोब बरोबर आहे. पण २०२४ च्या जानेवारीत गुगलने आणि मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन-मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की कायमचं सोडून जाणाऱ्याकडून हे पैसे घेणार नाही. अट एवढीच की आधी कळवायचं, मंजुरी घ्यायची आणि ठरलेल्या मुदतीत डेटा न्यायचा. आपण मंगळवारी फोन केलात, आमच्याकडून त्याच रात्री कॉपी सुरू झाली. रीसेलरमार्फतच्या खात्याला सवलत मिळाली असती की नसती, पण अर्ज करणं आमचं काम होतं. तो कोणी केलाच नाही.

या कंपन्या एकमेकींशी जुळवून घेत नाहीत असंही नाही. ऑरॅकल आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले क्लाउड थेट जोडले, पुढे ऑरॅकलची यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमध्ये बसली. दोघांचं मोठं गिऱ्हाईक एकच असलं की वाट निघते. दोन टीबीवाल्यासाठी ती कोणी काढत नाही. ती आम्हीच शोधायची, त्याचेच तर चार हजार घेत होतो.

तेव्हा पूर्ण रक्कम जीएसटीसकट शुक्रवारपर्यंत आपल्या खात्यात येईल, क्रेडिट नोट मेलवर पाठवतो. आणि जुनी प्रत अजून पुसलेली नाही. नव्या ठिकाणी मागच्या हंगामाचे फोटो उघडतात का ते बघून एक फोन करा, मग पुसतो.

— मालक, सातपूर, नाशिक